शालूच्या कोंबड्या आणि माझा जळका जीव

ये गं प्राजक्ता, अशी जवळ बसून वाच. टेक्सासला परत गेलीस आणि फोनवर सांगून मोकळी झालीस, "मावशी, कोंबड्या कुणाला तरी देऊन टाक ना, प्लीज." आईच्या जिवाभावाच्या गोष्टी अशा निकालात काढतात का? मी काही बोलायला गेले की तुझी मीटिंग निघते. म्हणून पेपरच्या पुरवणीतच लिहिते. आता चार लोकांसमोर ऐकावंच लागेल.

त्या सकाळी हॉस्पिटलातून तू म्हणालीस, "मावशी, आई गेली," आणि माझ्या तोंडून निघालं, "मग कोंबड्यांना पाणी कुणी दिलं?" तुला राग आला असेल. पण आमच्या इथल्या, वेस्ट विंडसरच्या त्या थंडीत भांड्यातलं पाणी बघता बघता दगड होतं. आधी तेच सुचलं... रडू नंतर आलं.

तुझी आई शालू आणि मी इथे शेजारणी, दोघी मूळच्या नागपूरच्या. ती इथे तरुणपणीच नोकरीला आलेली, मी म्हातारपणी मुलामागे. ती गाडी चालवायची, शेजारच्या गोऱ्या बाईशी तासभर हसत बोलायची. मी मेली खिडकीतून बघायची. वर तिने परसात सहा कोंबड्या आणल्या. माझी नात माझ्या हातची गरम भाकरी टाकून तिच्या खुराड्याशी जाऊन बसायची. थंडी कडाडली की शालू एकेक कोंबडी मांडीवर घेऊन तुऱ्याला व्हॅसलीन चोळायची, पोरीच्या डोक्याला तेल लावावं तसं. बघून माझा जीव जळायचा. खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांमागे ती तुझ्याकडे आली, तेव्हा कोंबड्या माझ्यावर सोपवून आली. "सुमन, वरचे झरोके उघडेच ठेव बरं," असं दोनदा बजावलं तिने. मी मनात म्हटलं, हिलाच काय ती अक्कल! बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि ही झरोके उघडे ठेवते. मी माझ्या दोन गोधड्या झरोक्यांत ठासून कोंबल्या. सकाळी दार उघडलं तर भिंतींना आतून बर्फ धरलेला. त्यांच्याच श्वासाची वाफ, बाहेर जाणार कुठून? ठिपकेवालीच्या तुऱ्याची टोकं गारठ्याने काळी पडली होती. मी तिला उचलून पदराखाली घेतलं. आणि त्यातच क्षणभर वाटलं, बरं झालं, शालूच्या कोंबड्याही आता काही अगदी देखण्या राहिल्या नाहीत... हे मी तिला कधी सांगितलं नाही.

परत आल्यावर तिने गोधड्या ओढून काढल्या, वाळवल्या आणि घडी करून मला दिल्या. म्हणाली, "वेडे, कोरड्या थंडीने त्या मरत नाहीत, ओलीने मरतात. हवा खेळू द्यायची." आणि चहा टाकला. चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते गं.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला हॉल भरला होता. बुद्धवंदना झाल्यावर एकेक जण उठून सांगायला लागला, ताई आम्हाला अंडी आणून द्यायच्या. मला वाटायचं, ती तपकिरी अंडी फक्त माझ्या घरी येतात! तिथे बसल्या बसल्यासुद्धा मी जळत होते, प्राजक्ता. तिच्या फोटोसमोर.

आता दोन्ही वेळा मीच जाते. गरम पाणी नेते, तुऱ्यांना व्हॅसलीन लावते, झरोक्यांना हात लावत नाही. पण पहिले काही दिवस संध्याकाळी त्या आत जाईनात. मी या या केलं, दाणे वाजवले, रागावले. सगळ्या बर्फात पाय आखडून उभ्या, तिच्या मागच्या दाराकडे बघत. शेवटी कुणी ऐकत नाही ना बघून मी तिचाच हेल काढला, "चला गं बायांनो, उशीर झाला..." आणि सहाच्या सहा तुरुतुरु आत गेल्या. ठिपकेवाली सगळ्यात पुढे. मी तिथेच उभी राहिले. रोज पाणी मी देते, आणि येतात अजून तिच्याच हाकेला. आजही जळते मी. पण ती हाक रोज एकदा माझ्या तोंडून निघते, तेवढी माझ्याकडून काढून घेऊ नकोस.

द्यायच्याच असतील तर स्वतः येऊन दे. त्याआधी एक संध्याकाळ माझ्याबरोबर परसात उभी राहा. थंडी सरायची वाट बघू नकोस, बाळा. लवकर ये.