निळा ड्रम परत आणला त्याची गोष्ट: नाशिक, त्र्यंबक, हरसूल, पेठ

हरसूल माझ्या यादीत गेली सहा वर्षं होतं. आमच्या फ्रीजवर चिकटवलेली ही यादी म्हणजे 'एकदा जायचंय' म्हणत माणूस जिथे कधीच जात नाही अशा ठिकाणांची. शेवटी जाणं झालं, पण डोंगर बघायला नाही. यमुनाताईंचा फोन आला म्हणून.

यमुनाताई हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावर राहतात. दरवर्षी छाटणीला बायामाणसांची टोळी घेऊन त्या दिंडोरीकडे, माझ्या माहेरच्या द्राक्षबागेत येतात. मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून येताहेत. गेल्या दोन वर्षांपासून पाड्यावरच्या अकरा जणींनी मिळून नागलीचं, म्हणजे नाचणीचं, सत्त्व करायला घेतलंय. नागली भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भाजायची, दळायची. नाशिकच्या एका ओळखीतून त्यांना परदेशातल्या एका दुकानाची पहिली मोठी ऑर्डर मिळाली होती. आणि नमुना प्रयोगशाळेत नापास झाला होता.

"ताई, तुम्ही त्या औषधांच्या कागदांचं काम करता ना?" यमुनाताई फोनवर म्हणाल्या. "आमच्या नागलीत औषध निघालं म्हणत्यात. आम्ही नागलीला जन्मात औषध मारलं नाय!"

अहवालाचा फोटो मागवला. सापडलेलं बुरशीनाशक मी नावानिशी ओळखत होते, कारण ते द्राक्षावर डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी मारतात. डोंगरातल्या नागलीत ते कुठून येणार? कारण शोधून पंधरा दिवसांत नवा नमुना दिला तर ऑर्डर राहील, नाहीतर गेली, असं दुकानवाल्यांनी कळवलं होतं. खरी गोम पुढेच होती. या ऑर्डरच्या भरवशावर अकराही जणी यंदा द्राक्षमण्यांच्या विरळणीला बागेत गेल्या नव्हत्या. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्या जानेवारीत आपल्या घरी, आपल्या पोरांजवळ होत्या.

माझं काम थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. अंबडच्या एका कीटकनाशकांच्या कंपनीत मी आयात-निर्यातीची कागदपत्रं बघते. कुठलं रसायन कुठल्या देशात चालतं, पिकावर त्याचा किती अंश राहिलेला चालतो, लेबलवर काय लिहायचं, गळती झाली तर काय करायचं, हे सगळं कागदावर असावं लागतं. काही घातक रसायनं तर अशी, की पाठवायच्या आधी समोरच्या देशाला कळवायचं, 'हे असं असं आहे, तुम्हाला हवंय का?' त्यांचं उत्तर आल्याशिवाय डबा हलत नाही. आमच्या घरात या कामाला 'तुझी ती परवानग्यांची भानगड' म्हणतात.

मी जाणार कळल्यावर आई म्हणाली, "मीपन येते. यमुना इतकी वर्षं आपल्याकडं येती, आपण कधी तिच्या दाराला गेलो का?" आदल्या संध्याकाळी ती नाशिकला माझ्याकडे आली, मी तिची पिशवी डिकीत ठेवली.

दिवस पहिला

सकाळी साडेसहाला नाशिक सोडलं. त्र्यंबकचा रस्ता झकास आहे, पाऊण तासात पोचता. थंडीत अंजनेरीच्या अंगावर धुकं असतं, तेव्हा घाई करू नका. त्र्यंबकला मिसळ खाल्ली, दोघींचे दोनशेच्या आत झाले. गाडीतून उतरताच एक गुरुजी पुढे आले. "आई, नागबळी, कालसर्प, काही करायचंय का?"

"साप आमच्या बागंत लय हायेत," आई म्हणाली. "तिकडं येऊन करता का शांत?"

गुरुजीही मनमुराद हसले आणि दर्शनाची गर्दी कुठल्या बाजूला कमी आहे ते त्यांनीच सांगितलं.

पेट्रोल त्र्यंबकलाच भरा आणि थोडे रोख पैसे जवळ ठेवा. पुढे फोनची रेंज सारखी येते-जाते. हरसूलचा रस्ता वळणांचा आहे, काही ठिकाणी खड्डे आहेत, पण दोन्ही बाजूंनी डोंगर असे जवळ येतात की गाडी आपोआप हळू होते. भाताची खाचरं कापून मोकळी झालेली, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन बायका चढ चढत होत्या. आई मान वळवून त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणूनच ह्या समद्या जाताना ड्रम मागत्यात. पाणी साठवाया."

मी 'हो' म्हटलं आणि गिअर बदलला. तेव्हा डोक्यात काही पेटलं नाही, हे कबूल करते.

हरसूलला बाजार होता. बांबूच्या टोपल्या, सुकी मासळी, वरई, गावठी लसूण. बाजाराच्या दिवशी आलात तर सकाळीच या, दुपारी माल उरत नाही. आईने आधी घासाघीस करून टोपली घेतली आणि मग त्या बाईला ठरल्यापेक्षा जास्तच दिले. ती अशीच आहे.

पाड्यावर पोचलो तर अकराही जणी अंगणात. आईला बघून यमुनाताईंना काय करू नि काय नको झालं. "मावशी, तुम्ही? माझ्या घरी?" असं तीनदा म्हणाल्या. नागलीची गरम भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा असं जेवण झालं. मी शहरात हजार रुपये मोजून जेवलेय, पण इतकी पोटभर नाही.

जेवणानंतर मी माझी वही काढली. ऑफिसात आम्ही माल परत आला की करतो तेच केलं. नागलीला कोणकोणत्या गोष्टी लागतात? बी घरचं. पाणी विहिरीचं. मोड आणायला धुतलेली लुगडी. भाजायला लोखंडी कढई. गिरणी पाड्यावरचीच, तिच्यात दुसरं काही दळत नाहीत.

"आणि भिजवता कशात?"

"आधी पातेल्यात भिजवायचो, घराघरांत. मोठी आर्डर आली तवापासून ड्रमात," यमुनाताई म्हणाल्या आणि कौतुकाने मला घराच्या मागच्या पडवीत घेऊन गेल्या.

तिथे, शेणाने सारवलेल्या ओट्यावर, एक निळा प्लास्टिकचा ड्रम उभा होता. कपाळी कुंकवाचं बोट. आणि पोटावर पांढऱ्या ऑइलपेंटने, माझ्या वडिलांच्या अक्षरात लिहिलेलं: प्लॉट ३.

त्या ड्रमात आमच्या तीन नंबरच्या प्लॉटच्या फवारणीचं औषध वर्षानुवर्षं कालवलं होतं. दिवाळीच्या आधी, टोळी परत निघाली तेव्हा, आईने तो राखेने घासला, साबणाने धुतला, चार दिवस उन्हात पालथा घातला, नाक लावून बघितलं, हळद-कुंकू लावलं आणि यमुनाताईंना दिला. आमच्याकडे हंगाम संपला की टोळीला घरचं काहीतरी द्यायची रीतच आहे. गाडीत चढवायला मीच हात लावला होता! दिवसभर लेबलांवर 'रिकामी भांडी दुसऱ्या कामासाठी वापरू नका, फोडून नष्ट करा' हे वाक्य तपासणारी मी.

मागून आई आली. ड्रम बघितला, मला बघितलं.

"वास गेला व्हता गं," ती हळूच म्हणाली. "वास गेला म्हंजे औषध गेलं, असंच समजत व्हते मी."

आमच्याकडे सगळे असंच समजतात. प्लास्टिक औषध पिऊन बसतं आणि पाणी घातलं की थोडं थोडं सोडत राहतं, हे मी तिथे उभ्याउभ्या सांगितलं, आणि सांगताना मलाच लाज वाटली. एवढी वर्षं हे आईला घरी का नाही सांगितलं?

आईने पदर तोंडाला लावला. यमुनाताईंनी तिचा हात धरला. "मावशी, तुम्ही वंगाळ मनानं नाय दिलं. माझ्या लेकीच्या बाळंतपणाचं तूप तुमच्याच दारातून आलं. ते इसरले का मी?"

ड्रम दोषी आहे हे मला पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि दुकानवाल्यांना दाखवणं वेगळं. पातेल्यातली जुनी नागली तर विकून, खाऊन संपलेली. मी वहीत डोकं घालून बसले होते, तेव्हा यमुनाताई म्हणाल्या, "कणसरीची मूठ चालंल का?"

कणसरी ही त्यांची धान्याची देवी. दर वेळी नागली भिजवून वाळली की पहिली मूठ तिची. पानात बांधून देव्हाऱ्याजवळच्या टोपलीत ठेवायची, पुढच्या पेरणीपर्यंत. टोपली खाली काढली तर आत ओळीने पुड्या. पातेल्यातल्या वेगळ्या, ड्रमातल्या वेगळ्या, प्रत्येकीला कुठल्या घरची ते कळावं म्हणून वेगवेगळ्या रंगाचा दोरा. आमच्या कंपनीत नमुने जपून ठेवायला कुलूपबंद खोली आहे, आणि तिथेसुद्धा इतकं नीट नसतं. आनंदाने मी ओरडलेच!

मी लगेच हात पुढे केला, तर यमुनाताईंनी अडवलं. "थांबा ताई. तिचं हाय. आधी इचारू द्या." त्या डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या, देवीपुढे दोन दाणे ठेवले, थोडं थांबल्या आणि मग दोन पुड्या, एक पातेल्यातली, एक ड्रमातली, माझ्या हातात दिल्या. मी त्या दोन्ही हातांनी घेतल्या.

दिवस दुसरा

रात्री गोधड्यांत गाढ झोप लागली. सकाळी निघायच्या आधी आईने ठरवलं होतं, ड्रम इथे ठेवायचा नाही. आपण नेला नाही तर कोणीतरी पाण्याला वापरणार. सगळ्या जणींनी मिळून तो गाडीच्या कॅरिअरवर दोरखंडाने बांधला.

"यमुने, मी तुला माझं स्टीलचं मोठं पातेलं पाठवते," आई म्हणाली.

यमुनाताई जराशा घुटमळल्या. मग त्यांनी मान वर केली. "मावशी, राग मानू नका. त्यात आधी काय व्हतं?"

इतक्या वर्षांत यमुनाताईंनी आमच्या घरातून दिलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल असं विचारलं नव्हतं. ज्या एका प्रश्नासाठी आमच्या ऑफिसात फायलींचे ढीग लागतात, तो त्यांनी आईच्या तोंडावर विचारला होता. मी आईकडे बघितलं. तिला राग येईल असं मला वाटलं.

"तुमच्या टोळीचाच भात," आई म्हणाली. "आन् सणाला डाळ. दुसरं काय बी नाय. पाहिजे का?"

"मंग पाहिजे," यमुनाताई म्हणाल्या, आणि सगळ्याच हसल्या.

येताना पेठमार्गे आलो. रस्ता चांगला आहे, सावळघाटात मात्र ट्रकांच्या मागे धीर धरा. पेठला चहाला थांबलो, तर टपरीवाला कॅरिअरकडे बघत म्हणाला, "ताई, ड्रम भारी हाय. विकायचा का?"

"नाय," आई गाडीतूनच म्हणाली. "फोडायचाय."

"चांगला ड्रम फोडता?"

मग आईने त्याला खाली उतरून सगळं समजावलं. राख, साबण, ऊन, वास, सगळं. चहा निवला. टपरीवाल्याने आपल्या मागच्या पाण्याच्या ड्रमकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "ह्यो कुठनं आणला ते माझ्या बापाला इचारावं लागंल." आमच्या चहाचे त्याने पैसे घेतले नाहीत.

घरी

माहेरी पोचल्यावर आईने कोणाला हात लावू दिला नाही. पहार घेऊन ड्रमच्या पोटात स्वतः चार भोकं पाडली, बरोबर 'प्लॉट ३'वर. जाळायचा नाही, पुरायचा नाही, म्हणून मी साहेबांच्या विनवण्या करून कंपनीच्या घातक कचऱ्याच्या गाडीत त्याची सोय लावली. त्यानंतर आई फोन घेऊन बसली. आजवर तिने असे आणखी चार ड्रम दिले होते. चारही घरी फोन केले, चारही वेळा 'माझी चूक झाली' म्हणाली. दोन ड्रम परत आलेत, उरलेले दोन आणायला पुढच्या आठवड्यात जाणार आहोत.

प्रयोगशाळेत दिलेल्या दोन्ही पुड्यांचा अहवाल आला. पातेल्यातली नागली स्वच्छ. ड्रमातलीत तेच बुरशीनाशक. दुकानवाल्यांनी कारण मान्य केलं, नवा नमुना मागितला. आईचं पातेलं तोवर पाड्यावर पोचलं होतं. नवा नमुना पास झाला तो दिवस मी ऑफिसात पेढे वाटून साजरा केला. अकराही जणी अजून घरीच आहेत.

किती फिरलात म्हणाल, तर जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर. तेवढ्यात मला माझं काम नव्याने कळलं, आणि ते शिकवणाऱ्या बायकांचे आभार कसे मानायचे ते अजून कळलेलं नाही.

काल यमुनाताईंचा मेसेज आला. पाटीवर पसरलेल्या सत्त्वाचा फोटो आणि खाली लिहिलेलं: 'नागली आमच्या शेतातली. पाणी विहिरीचं. भिजवली मावशीच्या पातेल्यात. मावशीसाठी एक किलो काढलंय. पाठवू का?'

मी आईला वाचून दाखवलं. तिने चष्मा लावला, फोन हातात घेतला, तो फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला.

"लिही," ती म्हणाली, "पाठव."