पाव जामिनावर

दर रविवारी मिसळीच्या टेबलावर आमच्यात एक गृहस्थ असतात. अंबडच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर माल तपासला, आता घास तपासतात. घास त्यांच्या अन्ननलिकेत अडकतो. 'इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस' हे आजाराचं नाव ते नुकतीच मिळालेली पदवी सांगावी तसं सांगतात.

डॉक्टरांनी दूध, गहू, अंडी, दाणे असं बरंच काही बंद केलं. मग एकेक पदार्थ पुन्हा सुरू करायचा आणि दुर्बिणीने आत बघायचं. तोवर हे घरची ज्वारीची भाकरी आणून रश्शात कुस्करायचे आणि आमच्या पावाकडे असे बघायचे, की आम्हालाच चोरटं वाटायचं.

दूध पहिल्याच फेरीत पकडलं गेलं. चहा कायमचा कोरा झाला. मग गव्हाची पाळी आली. पाव समोर आला, पण चेहऱ्यावर आनंद नाही.

"काका, आता तरी हसा," वेटर म्हणाला.

"जामिनावर आहे तो. उगाच जीव लावू नकोस."

गेल्या रविवारी ते पुडा नाचवत आले. "गहू निर्दोष सुटला! घ्या पेढे!"

"अहो, पेढे दुधाचेच ना? तुम्हाला चालत नाहीत," मी म्हणालो.

"मग आनंदाची बातमी काय भाकरी वाटून सांगू?"

त्यांनी सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला, स्वतः कोरडा पाव डोळे मिटून खाल्ला आणि मी पेढा तोंडात टाकताच माझ्या गळ्याकडे टक लावून पाहिलं.

"गेला का नीट खाली?"

पेढा खाली जातो की नाही, हे मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तो उतरेपर्यंत आम्ही दोघंही थांबलो.