म्हैस ज्या शब्दाला हलते

सातवीच्या सहामाहीत मी मराठीत नापास झाले. व्याकरणात. 'धावती गाडी पकडू नये' या वाक्यातल्या 'धावती'खाली मी ठासून क्रियापद लिहिलं होतं. गाडी धावतेय म्हटल्यावर ती क्रियाच की! बाईंनी त्यावर लाल रेघ ओढली. म्हणे विशेषण.

आबा, म्हणजे माझे वडील, कोल्हापुरात कट्ट्यावर म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकायचे. निकाल ऐकून म्हणाले, "वार्षिकला अशीच दांडी उडाली तर शाळा बंद. शेणघाण काढाय बस. पास झालीस तर मग बघू." सत्तर साल उजाडायचं होतं. आमच्या गल्लीत सातवीच्या पुढं गेलेली एक पोरगी नव्हती. मला जायचं होतं. काय वाट्टेल ते झालं तरी जायचंच होतं.

दिवाळीची सुट्टी लागली. पाडव्याला आमच्याकडं म्हशी नटवून पळवतात. शिंगांना रंग, गळ्यात कवड्यांची माळ, आणि पुढं पळणाऱ्या मालकाच्या हाकेवर म्हैस मागनं सुटते. त्याचा सराव आधीपासनं चालतो. एका सकाळी पंचगंगेच्या घाटावर आबा थोरल्या म्हशीला चुचकारत होते, "माझी देखणी, माझी गुणाची, लाखात एक..." ती आपली रवंथ करत उभी. मग त्यांनी हाळी दिली, "चल! पळ!" अन् बया सुटली की उधळत!

मी पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते. ताडकन उठले.

दुसऱ्या दिवसापासनं पुस्तकातला एकेक शब्द मी थोरलीच्या कानात ओरडू लागले. 'काळी!' ढिम्म. 'सुंदर!' शेपटीसुद्धा हलवली नाही. 'थांब', 'वळ', 'ये' म्हटलं की मात्र ऐकायची. 'धावती' तिला कुठलं कळायचं, म्हणून आमच्या बोलीत म्हटलं, 'पळती!' महाराणी जागच्या हलल्या नाहीत. 'पळ!' म्हटल्याबरोबर मला पाण्यात पाडून गेली. धुणं धुणाऱ्या बायका म्हणाल्या, "पोरीचं डोस्कं फिरलंय." फिरू दे! 'आहे'नं तेवढा दगा दिला. म्हशीला 'आहे' म्हणून ती करणार काय? ते मेलं क्रियापद म्हणून पाठच केलं.

वार्षिकला पास झाले. निकाल घेऊन धापा टाकत कट्ट्यावर गेले. आबा थोरलीची धार काढत होते, भोवती गिऱ्हाइकं पेले घेऊन उभी. ऐकून आबांचा चेहरा फुलला. "बघा पावणं! हुशार हाय माझी लेक. लाखात एक!"

"मग आबा, पुढच्या शाळंत नाव घालायचं न्हवं?"

"लई गुणाची माझी बाय," आबा म्हणाले आणि मान खाली घालून धार काढू लागले.

मला रागानं रडू फुटत होतं. कुणीतरी फेसाळ दुधाचा पेला पुढं केला, तो घेतला नाही. पाय रोवून उभी राहिले. गिऱ्हाइकं पांगली, तरी मी तिथंच.

"शाणी हाय माझी बाय," आबा पुन्हा म्हणाले.

मी हलले नाही.

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग थोरलीकडं बघितलं. आणि सगळ्या कट्ट्याला ऐकू जाईल अशी हाळी दिली, "जा! शिक जा!"

तेव्हा कुठं मी हलले.