बायको सोनगीरला नाही, धुळ्याच्या दवाखान्यात आहे

मंडळी, आज डॉक्टरांनी माझ्या बायकोच्या मेंदूतल्या गाठीला ग्लायोमा म्हटलं. मेंदूच्या पेशींना सांभाळणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, त्यांतूनच ती होते म्हणे. काही प्रकार हळू वाढतात, काही झपाट्याने. हिचा कोणता, ते ऑपरेशन करून तुकडा तपासल्यावर कळेल.

कुजबूज नको म्हणून आपल्या नशिराबादेत मी सांगितलं होतं, ती माहेरी सोनगीरला गेली. त्यामुळे भेटायला कोणीच येत नाही.

दुपारी शेजाऱ्याचा फोन आला. "नाना, अक्का माहेरी रमल्या वाटतं! तुम्हाला विसरल्या का काय?"

मी हसून फोन ठेवला.

ही कॉटवरून म्हणाली, "तेस्ले खरं सांगा. माले ऑपरेशनले आत लई गयात, मंग तुम्ही कोनासंगे बोलशात?"

म्हणून लिहिलं. आता कोणी याल का?