सुलभाची झोप आणि वाळपईची बस

आमच्या घरात झोपेवर अधिकारवाणीनं बोलू शकेल असं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे मी. पाठ टेकायची, कूस बदलायची आणि सकाळी पोदेराचा भोंगा ऐकून उठायचं, एवढा माझा या विषयातला दांडगा अनुभव. (पोदेर म्हणजे आमचा पाववाला. सायकलला टोपली बांधून गरम पाव, म्हणजे पोया, आणतो आणि रबरी भोंगा वाजवून गाव उठवतो.) त्यामुळे माझ्या बायकोला, सुलभाला, झोप येत नाही हे कळल्यावर तिच्यावर उपचार करायला माझ्याइतका लायक माणूस अख्ख्या डिचोली तालुक्यात नव्हता!

कळलं जरा उशिराच. सात-आठ महिने ती मला सांगत होती म्हणे. पण ती सांगायची अंथरुणावर पडल्यावर, आणि अंथरुणावर पडलेल्या मला काही सांगणं म्हणजे भिंतीला सांगण्यासारखंच. भिंत निदान घोरत नाही.

शेवटी एका रविवारी तिनं मला भर दुपारी, मी पूर्ण जागा असताना, खुर्चीत बसवून सांगितलं.

"अहो, माका आता बालवाडी झेपणा नाय. मी सोडतंय."

सुलभा गावातल्या बालवाडीची बाई. चोवीस वर्षांची नोकरी. आज खाणीवर खनिजाचे ट्रक पळवणारे मिशाळ गडी एके काळी तिच्या मांडीवर बसून आईसाठी रडलेले. ती बालवाडी सोडते म्हणजे काय?

"काल गाणा सांगताना मधेच शब्द इसारलंय," ती म्हणाली. "पोरां तोंडाकडे बघीत रवली. रातभर डोळ्याक डोळो लागणा नाय, दिवसा डोक्यात नुसतो भुसो. उद्या खंयचा पोर रस्त्यार गेला नि माझा लक्ष नसला तर?" तिचे डोळे भरून आले. "तुमी शुद्ध मराठीत राजीनामो लिवन देवा."

इथं एखाद्या समजूतदार नवऱ्यानं काय केलं असतं? बायकोला धीर दिला असता, डॉक्टरकडे नेलं असतं. पण मी सरकारी कचेरीत हेडक्लार्क! 'शुद्ध मराठीत' हे शब्द कानावर पडले आणि माझ्या हाताला खाज सुटली. मी एकच कागद पाठपोट नव्हे, चांगले दोन स्वतंत्र कागद भरून राजीनामा लिहिला. 'कोवळ्या कळ्यांच्या सहवासात व्यतीत केलेली दोन तपे' असं एक वाक्य तर असं जमलं की, ते मी शेजारच्या भिकूला वाचून दाखवलं. भिकूच्या डोळ्यांत पाणी आलं. (भिकूला त्यातलं 'व्यतीत' कळलं नव्हतं, हे त्यानं नंतर कबूल केलं.)

सुलभानं कागद घडी करून पर्समध्ये ठेवले. "सोमवारी देतंय."

तेव्हा कुठं मला घाम फुटला. "एक आठवडा थांब," मी म्हटलं. "तुला झोपवायची जबाबदारी माझी!"

पहिला उपाय, जायफळ घातलेलं दूध. सुलभाला संशय आला, "एवढा जायफळ?" म्हणून मी विश्वास बसावा यासाठी तिच्यासमोर पेला रिकामा केला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी शिपाई घरी पाठवला तेव्हा साडेदहा वाजले होते. सुलभा रात्रभर जागी होती. का, तर मी श्वास घेतोय की नाही हे बघायला!

दुसरा उपाय, घरात संपूर्ण शांतता. मी भिंतीवरचं घड्याळ बंद केलं, पोदेराला भोंगा वाजवू नकोस म्हणून बजावलं आणि भिकूला त्याचा कोंबडा हलवायला सांगितलं. पोदेर रागावला आणि आमच्या दारावरून यायचाच बंद झाला. कोंबडा होता तिथंच राहिला, पण भिकू माझ्याशी बोलायचा बंद झाला. घड्याळ पुन्हा सुरू केलं तर ते वीस मिनिटं मागे पडू लागलं. आता आमच्या घरी पोया नव्हत्या, वेळ कळत नव्हती, शेजार तुटला होता, आणि सुलभा पूर्वीइतकीच टक्क जागी होती.

आणि मग आला शुक्रवार.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार. बालवाडीला सुट्टी होती, म्हणून सुलभा सकाळीच सुकी मिरची आणि मसाल्याचं सामान आणायला गेली. दुपारी मी जेवायला घरी आलो, तर एकपर्यंत परत येणारी बाई तीन वाजले तरी आली नाही. मोबाइल यायच्या आधीचे ते दिवस. मी कचेरीत अर्धी रजा टाकून डिचोलीच्या बसस्टँडवर येरझाऱ्या घालू लागलो. एक बस आली, दुसरी आली. सुलभा नाही.

डोक्यात नको नको ते यायला लागलं. जागरणानं कावलेली बाई, बाजारातली गर्दी, रस्त्यावर धावणारे ट्रक... समोरच्या बूथवरून वास्कोला, आमच्या लेकीला फोन लावला.

"शीला, आई तुझ्याकडे आली काय गो?"

"नाही! काय झालं बाबा? आईनं आज साडी कोणती नेसली होती?"

"साडी ना? निळी. म्हणजे हिरवट निळी. किंवा ती... साडीच होती, एवढं नक्की."

"बाबा!" लेक फोनवरच रडायला लागली.

तेवढ्यात वाळपईहून म्हापशाला जाणारी सरकारी बस स्टँडवर लागली. मी रिसीव्हर ठेवला आणि धावत बसमध्ये चढलो. म्हापशाला जायचं, बाजार पालथा घालायचा, आणि नाहीच सापडली तर पोलीस! चढल्या चढल्या मी कंडक्टरला थांबवलं. तो सावंतवाडीकडचा, मध्यम वयाचा, शांत माणूस.

"महोदय," मी म्हणालो (संकटात माझं मराठी आणखी शुद्ध होतं), "माझी पत्नी सकाळपासून बेपत्ता आहे. आपल्या दृष्टीस पडली होती काय?"

"जरा हळू बोला हो," तो म्हणाला.

हळू? मी बसच्या मधोमध उभा राहून सगळ्या उतारूंना माझी कहाणी सांगितली. आठ महिन्यांचं जागरण, जायफळ, कोंबडा, काही म्हणजे काही वगळलं नाही. दोन म्हाताऱ्या चुकचुकल्या. एकानं उठून मला जागा दिली. पण माझ्या भाषणात मागच्या बाजूनं सारखा व्यत्यय येत होता. मागून तिसऱ्या बाकावर एक बाई, खाणीच्या लाल धुळीपासून बचावासाठी तोंडावर पदर ओढून, खिडकीला डोकं टेकून घोरत होती. साधंसुधं नव्हे, चढावर लोडेड ट्रक गिअर बदलतो तसं!

माझा तोल गेला. "कंडक्टर! माझी बायको झोपेवाचून कुठं भटकत असेल देवाला ठाऊक, आणि इथं या बाई सार्वजनिक वाहनात... त्यांना जागं करा बघू आधी!"

"उठवूचंय नाय," कंडक्टर ठामपणे म्हणाला. "दुपारी बाराक म्हापशाक चढली तेवा सांगल्यान, डिचोली इली की सांग. दोनदा हाक मारलंय, उठणा नाय. चेहरो बघलंय तर माझ्या आवशीसारख्या दमल्ल्या माणसाचो. म्हटलंय, निजांदे. वाळपईसून परत येताना डिचोलीच लागतली, तेवा उतरवू. आता उठवूक जातच होतंय, तर तुमी चढलास नि भाषण सुरू केलास. डिचोली मागे रवली. आता अस्नोडा इला!"

मी मागे गेलो. बाकाखाली आमची वेताची पिशवी होती. तिच्यातून मिरच्यांचे देठ डोकावत होते.

"सुलभा?"

पदर बाजूला झाला. "अहो! तुमी? डिचोली इली?"

सगळी बस हसली. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि तोही हसला. म्हाताऱ्यांपैकी एक तर डोळे पुसत म्हणाली, "बाये, तुझो घोव तुका सोदीत तुज्याच फुड्यात बसलो गो!" आणि सुटकेनं रडावं की हसावं हे न कळून मी जे बोललो ते ऐकून घ्या. मी म्हणालो, "तू घोरतेस?"

"माका काय म्हायत?" सुलभा जांभई देत म्हणाली. "तुमी कधी आयकलास नाय?"

नव्हतं ऐकलं. सव्वीस वर्षांच्या संसारात मी तिच्या आधी झोपलो नाही अशी एक रात्र नव्हती आणि तिच्या आधी उठलो अशी एक सकाळ नव्हती. बायकोचं घोरणं मला परक्या बाईचं वाटलं, यात बिचाऱ्या कंडक्टरचा काय दोष?

घरी पोचलो तर दारात वास्कोहून आलेली लेक, जावई, त्याचे आईवडील आणि त्यांचे शेजारी, असे नऊ जण व्हॅनमधून उतरत होते. नऊ माणसांचा स्वयंपाक सुलभानंच केला. मी तिच्याकडे बघत होतो, आणि मला पहिल्यांदाच काहीतरी दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी तिला आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण, पण प्रश्न विचारताना घाई न करणाऱ्या. "रात्री एकदम अंगातून वाफा निघतात? पायांत मुंग्या चालल्यासारखं होतं, पाय हलवत राहावंसं वाटतं?" सुलभा चकित होऊन मान हलवत राहिली. हे सगळं आपलंच खूळ आहे, असं ती समजत होती. रक्त तपासलं तर लोह फारच कमी. वाफांचं कारण वय, पाळी जायचे दिवस. बाई म्हणाल्या, "यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांना हेच होत असतं, पण त्या डोकं दुखतं म्हणून येतात. झोपेबद्दल कुणी बोलतच नाही."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "घरातलं रात्रीचं शेवटचं काम कोण करतं?"

"रात्री आमच्याकडे काम नसतंच," मी आत्मविश्वासानं सांगितलं.

सुलभानं बोटांवर मोजायला सुरुवात केली. भांडी, विरजण, उद्याचे तांदूळ, दाराच्या कड्या, पाणी भरणं, माझी इस्त्री, डब्याची भाजी निवडणं... दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा मी खिडकीबाहेरचं झाड बघत होतो.

लोहाच्या गोळ्या, दुपारनंतर चहा बंद, रोज उठायची वेळ एकच, झोप येईना तर कूस बदलत न बसता उठून बाहेर बसायचं, आणि नऊनंतर घरातलं काम तिनं करायचं नाही. शिवाय रोज किती झोप लागली ते लिहून ठेवायचं. सुलभानं पर्समधून हाताला लागलेल्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते लिहायला सुरुवात केली. दोन महिन्यांनी तेच कागद तिनं डॉक्टरीणबाईंपुढे ठेवले. बाईंनी ते चुकून उलट बाजूनं वाचले आणि म्हणाल्या, "हे कोणी लिहिलंय? फार सुंदर आहे. पण देऊ नका हं कुणाला!"

राजीनामा दिलाच नाही. सुलभा आता रात्री सहा तास झोपत होती. बालवाडीतली गाणी परत आली, त्यात तिनं दोन नव्या गाण्यांची भरही घातली. आणि मग डॉक्टरीणबाईंनी तिला देवळाच्या सभामंडपात गावातल्या बायकांपुढे बोलायला उभं केलं.

माझी बायको! पोरांशिवाय कुणापुढे न बोललेली! चाळीस-पन्नास बायका समोर, आणि ही कागदाशिवाय बोलली. वाफांबद्दल बोलली, मुंग्यांबद्दल बोलली, बसमधली गोष्ट तर अशी रंगवून सांगितली की खांबाआड उभ्या असलेल्या मलाही हसू आवरेना. मग एकेक बाई उठून बोलू लागली. "माका पण तसाच होता गो." "मी पण तीन वर्सां निजलंय नाय." सत्तरीची एक आजी म्हणाली, "माका वाटलां, बायलांचो जल्मच असो." सुलभा तिच्याजवळ जाऊन बसली. माझी छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं. (ते मी स्वतः शिवलेलं होतं, हेही कारण असेल.)

पुढच्या आठवड्यात भिकू कित्येक दिवसांनी माझ्याशी बोलला. "तुज्या बायलेन आमका रातचीं भांडीं घासूक लायलीं रे!" तो कळवळून म्हणाला.

"मी तर रोज घासतो," मी ऐटीत सांगितलं. आणि खरंच घासत होतो. चार महिने, रोज रात्री, न चुकता! गावात तसं करणारा पहिला पुरुष मीच, हे मी चारचौघांत दोन-तीनदा सांगितलंही होतं. मग एका पहाटे चुकून लवकर जाग आली, आणि पाहतो तर सुलभा मोरीपाशी बसून मी घासलेली तीच भांडी पुन्हा घासत होती.

"हे काय? रोज घासतेस?"

"रोज."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

ती ताजीतवानी, छान झोप झालेल्या चेहऱ्यानं हसली. "सांगलंय असतंय, तर तुमची झोप उडाली असती!"

त्या रात्री मी भांडी दोनदा घासली आणि काळजीनं, पश्चात्तापानं जागं राहायचं ठरवलं. पाच मिनिटं जमलं असावं. नक्की सांगता येत नाही, सुलभा झोपली होती.