वारूला आणायला मैंदर्गी, सोडायला मैंदर्गी

आमची मुलगी सावनी शिकायला बंगळुरूला गेली, त्याला दोन महिने झाले होते. मी आणि नितीन दोघंही नोकरीवाले. सिंहगड रोडवर तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. रात्री समोरासमोर बसून जेवायचो, आणि जेवण झालं की बोलायला काही उरायचं नाही. एका रविवारी मी म्हटलं, कुत्रा आणूया. नितीन म्हणाला, आण. पण मला हवा होता कारवानी. उंच, लांब पायांचा, बारीक कमरेचा, आपल्याच माळरानावरचा. एका मैत्रिणीच्या गावी मी एकदा कारवानी पळताना बघितला होता. पळताना त्याचे चारही पाय एकदम जमीन सोडतात. ते दृश्य काही केल्या डोक्यातून जात नव्हतं.

त्यासाठी आम्ही वर्षभरात तीनदा सोलापूर जिल्ह्यात गेलो. कुणाला त्या भागात पिल्लू बघायला जायचं असेल तर रस्ता, राहणं, खाणं हे सगळं खाली येईलच. पण मी लिहायला बसले ती मुख्यतः माझ्या हातून जे झालं ते सांगायला.

आधी फोनाफोनी केली. पुण्यातल्या एकाने दोन दिवसांत घरपोच पिल्लू देतो म्हणून सांगितलं, रंग तुम्ही निवडा. त्याची आई बघता येईल का, असं विचारल्यावर म्हणाला, आईचं काय करायचंय मॅडम? मी फोन ठेवला. सोलापूर शहरातल्या एकाने मात्र आई दाखवतो म्हणून कबूल केलं. म्हणून डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी सहाला आम्ही गाडी काढली.

पुणे ते सोलापूर रस्ता उत्तम आहे. भिगवणच्या पुढे डाव्या हाताला उजनीचं पाणी दिसू लागतं, थंडीत तिथे पक्षी बघणाऱ्यांची गर्दी असते. इंदापूरजवळ नाश्ता केला, टेंभुर्णी, मोहोळ करत अकराच्या आत सोलापुरात पोचलो. सात रस्ता चौकाजवळ दोन हजारांच्या आत स्वच्छ खोली मिळाली. गाडी लावायला जागा आहे का, तेवढं आधी विचारून घ्या.

त्या माणसाचं घर एका अरुंद बोळात होतं. वरच्या मजल्यावर पिंजऱ्यात पाच पिल्लं, जेमतेम महिन्याची, डोळ्यांतून पाणी गळणारी. आई शेतावर आहे म्हणाला. शेत कुठे आहे, तर लांब आहे म्हणाला. नितीन जिना उतरून खाली गेला, मीही त्याच्या मागे गेले. दुपारी ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाताना आम्ही रिकाम्या हातानेच परतायचं जवळजवळ ठरवलं होतं. शेवटचा प्रयत्न म्हणून नितीनने मित्राच्या ओळखीतल्या, अक्कलकोटच्या एका जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, मैंदर्गीला महादेवीअक्कांकडे जा, पण त्या लगेच देत नाहीत, तयारीने जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. सोलापूर ते अक्कलकोट तासाभराचं अंतर. गुरुवारी जाऊ नका, दर्शनाच्या गर्दीत गावातून गाडी काढणं कठीण होतं. तिथून मैंदर्गी आणखी अर्धा तास. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, दुकानांवरच्या पाट्या मराठीत आणि माणसांचं बोलणं अर्धं कानडीत. गावाबाहेर दीड किलोमीटरवर अक्कांचं शेत. रस्ता विचारला तर लोक आधी आमच्याकडे आणि मग आमच्या गाडीकडे बघून हसायचे. नंतर कळलं, पुण्या-मुंबईच्या बऱ्याच गाड्या तिथून तशाच परत जातात.

महादेवीअक्का साठीच्या, सडपातळ, कपाळाला विभूती. नवरा इराप्पा शेती बघतो, कुत्री सगळी अक्कांची. "कूडरी," म्हणाल्या आणि बाजेकडे हात केला, म्हणजे बसा. मग आत बघून कुणाला तरी मरीबद्दल काही सांगितलं. मी दचकले. इराप्पा हसून म्हणाले, कानडीत मरी म्हणजे पिल्लू.

पिल्लं बघण्याआधी आई बघायला मिळाली. फिक्या तांबूस रंगाची, शांत, अक्कांच्या पदराला नाक लावून उभी. बापही दाखवला, तो शेजारच्या वस्तीवरचा होता. आईचं हे दुसरंच वेत, आणि पुढच्या वर्षी तिला विश्रांती. पिल्लं सहा होती, सहा आठवड्यांची. दोन महिने पुरे झाल्याशिवाय आईपासून तोडणार नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. लसीची कार्डं पत्र्याच्या डब्यात नीट ठेवलेली. चांगला माणूस कसा ओळखायचा असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन, की तो तुम्हाला जेवढं दाखवतो त्याहून जास्त तुम्हालाच विचारतो.

अक्कांनी तासभर विचारलं. घरात कोण कोण? दिवसभर कोण असतं? शिकारीला तर नेणार नाही ना? याआधी कुत्रं होतं का, कशाने गेलं? मी खरी उत्तरं देत होते. मग त्यांनी विचारलं, "पळायला रान हाय का?"

नितीनने तोंड उघडलं होतं. त्याच्या आधी मी म्हणाले, आहे ना, शिरूरजवळ आमचं शेत आहे, आम्ही दर शनिवार-रविवारी तिथेच असतो. फोनमध्ये माझ्या मामाच्या शेताचा फोटो होता, तो दाखवला. विहीर, बांध, मागे आंब्याची दोन झाडं. अक्कांनी फोन हातात घेऊन बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, चांगलं हाय की. नितीन जमिनीकडे बघत बसला होता.

त्यांनी एकच अट घातली. "नाही जमलं तर दुसऱ्या कुणाला द्यायचं न्हाय. हितं आणून सोडायचं. रातीबेराती आला तरी दार उघडीन."

मी हो म्हटलं.

परतताना मोहोळला नितीनने चहासाठी गाडी थांबवली. मग म्हणाला, तीन आठवडे आहेत, फोन करून सांग त्यांना. मी म्हटलं, सगळेच थोडंफार वाढवून सांगतात, आणि आपण त्याला मामाकडे नेऊच की. तेव्हा माझा स्वतःचा त्यावर विश्वास होता.

जानेवारीत पुन्हा गेलो आणि पिल्लू घेऊन आलो. त्या वेळी हुरड्याचे दिवस होते, इराप्पांनी शेतातच आगटी पेटवून कणसं भाजून दिली. अक्कांनी खायला काय द्यायचं ते सांगितलं, ताकात कुस्करलेली भाकरी, अंडं, आणि कधीही तळलेलं नाही. अर्धा दिवस आम्ही तिथे होतो. खरं सांगायला अर्धा दिवस पुष्कळ होता. पिल्लू माझ्या मांडीवर झोपलं होतं, मला ते खाली ठेवायचं नव्हतं. नितीनने त्याचं नाव ठेवलं वारू.

सुरुवातीचे तीन महिने छान गेले. मग वारूचे पाय लांब झाले. सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास पट्ट्याला बांधून फिरणं त्याला पुरेना. नऊ ते सहा तो घरात एकटा. दारामागे बसून एका सुरात रडायचा, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आधी प्रेमाने आणि मग सोसायटीच्या बैठकीत सांगितलं. मामाकडे आम्ही त्याला दोनदाच नेलं. एकदा मामाच्या कोंबड्यांमागे लागला, मामी नाराज झाली, मग जाणं राहिलंच. अक्कांचा महिन्यातून एकदा फोन यायचा. खातो का, लस झाली का, आणि पळतो का. मी प्रत्येक वेळी हो म्हणायचे.

पळायला म्हणून मी त्याला सोसायटीच्या गच्चीवर सोडायला लागले. जूनमध्ये एका सकाळी पावसाने फरशी ओली होती. पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर कबुतर बसलं होतं. वारूने खालून झेप घेतली, वर पोचलाही, आणि तिथून घसरून खाली आला. पुढच्या डाव्या पायाची दोन्ही हाडं मोडली. त्याचा आवाज मी इथे लिहीत नाही.

शस्त्रक्रिया झाली, हाडाला धातूची पट्टी बसवली, दोन महिने त्याला उचलून खाली न्यावं लागलं. हाड जुळलं, पण वाकडं. डॉक्टर म्हणाले, चालेल, हळू पळेलही, पण तो ज्या जातीचा आहे तसं नाही पळणार. घरात आता तो एकटा राहायला घाबरायचा, दरवाजाची चौकट कुरतडून त्याने हिरड्या रक्ताळून घेतल्या. तळेगावच्या एका माणसाला बंगल्याच्या राखणीसाठी कुत्रा हवा होता. मी त्याच्याशी बोलणंही केलं. नितीनला कळलं तेव्हा तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, तू अक्कांना हो म्हणाली होतीस.

सप्टेंबरात तिसऱ्यांदा निघालो. या वेळी मुक्काम नव्हता, पहाटे चारला निघून दहाच्या आसपास मैंदर्गी. कुत्रा बरोबर असेल तर दर दोन तासांनी थांबा, पाणी सोबत ठेवा, आणि महामार्गावर गाडीचं दार उघडण्याआधी पट्टा हातात घ्या. वारू मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून होता. अक्कलकोट सोडलं तसा उठून बसला. काचेला नाक लावून तुरीची शेतं बघत राहिला.

अक्का दारातच होत्या. वारू गाडीतून उतरून दहा पावलं चालला आणि त्यांना कळलं. जवळ येऊन खाली बसल्या, त्याचा पाय दोन्ही हातांत घेऊन वरपासून खालपर्यंत चाचपला.

"कुटं पळत होता?"

"गच्चीवर," मी म्हणाले.

"आणि शेत?"

मी सांगितलं. शेत मामाचं आहे, तिथे दोनदाच नेलं, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, फोनवर मी सांगत होते ते सगळं खोटं होतं. इराप्पा चहा घेऊन आले होते, ते कप ठेवून परत आत गेले. अक्का वारूच्या पायावरून हात फिरवत होत्या. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पाय खाली ठेवून म्हणाल्या, "ताई, तुमाला वाटलं, खरं बोललं तर ही बाई कुत्रं देणार न्हाय."

मी मान हलवली.

"पिल्लू दिलं नसतंच. पण तवा माझ्याकडं एक मोठी कुत्री होती, सात वर्षांची. तिचं पळणं संपलं होतं. तिला फकस्त माणसं पायजे होती आणि झोपायला कोपरा. फ्लॅटवाल्यालाच द्यायची होती. तुमी आला तवा मी तुमच्याकडं बघून तेच मनात धरलं होतं. मग तुमी शेत दाखवलं."

ती कुत्री नंतर सोलापुरातल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे गेली. दोघी मजेत आहेत, हेही त्यांनी सांगितलं. मला टोचायला म्हणून नव्हे, मी विचारलं म्हणून.

आम्हाला वाटलं होतं, आईला बघून वारू ओळखेल. आई गुरगुरली. तो शेपूट आत घेऊन माझ्या पायांमागे आला. अक्का म्हणाल्या, असं होतंच, आठवडाभर वेगळा बांधीन, मग सोडीन. धावणारा कुत्रा आता होणार नाही, पण राखण करेल, आणि शेतात राहील. त्याला सोबत लागते, ती इथे आहे.

निघताना मी विचारलं, महिन्या-दोन महिन्यांनी भेटायला येऊ का.

"सा महिने येऊ नका," त्या म्हणाल्या. "तुमी येऊन गेला की तो रस्त्याकडं तोंड करून बसंल. जेवायचा न्हाय."

पट्टा त्यांच्या हातात दिला. गाडी वळवताना मी मागे बघितलं नाही, नितीनने आरशात बघितलं असावं, कारण अक्कलकोट येईपर्यंत त्याला गाडी नीट चालवता येत नव्हती. शेवटी बाजूला थांबून आम्ही अर्धा तास बसलो. परत येताना उजनी कधी मागे पडली, तेही कळलं नाही. घरी पोचलो तर सावनीचा फोन. तिला वाटत होतं आम्ही वारूला घेऊन कुठेतरी फिरायला गेलोय. तिलाही मी काही सांगितलं नव्हतं. त्या रात्री सगळं सांगितलं. ती म्हणाली, तू मला तरी विचारायचंस.

कारवानी पाळायचा विचार असणाऱ्यांना मी घाबरवत नाहीये. मैंदर्गीकडे, मंद्रूपकडे, पार कर्नाटकाच्या सीमेपर्यंत जीव लावून कुत्री वाढवणारी माणसं आहेत. त्यांच्याकडे जा, दोनदा-तीनदा जा, आणि ते विचारतील तेव्हा आपण जिथे राहतो तीच जागा सांगा. नाही म्हणाले तर त्यांचं ऐका. त्यांनी शेकडो पिल्लं मोठी होताना बघितलेली असतात, आपण फक्त एक मनात बघितलेलं असतं.

गेल्या आठवड्यात सहा महिने झाले. नितीनने विचारलं, खोली बघू का सोलापुरात? मी हो म्हटलं, त्याने नोंदवली. संध्याकाळी अक्कांना फोन केला. वारू बरा आहे, रात्री गोठ्याजवळ झोपतो, इराप्पांच्या मागे मागे शेतात जातो. यायचं का, असं विचारायच्या आधीच मी त्यांना सांगितलं की मला यायचंय ते माझ्यासाठी. त्याने मला ओळखावं, माझ्याकडे धावत यावं, एवढंच माझ्या मनात आहे. त्याला माझी गरज आहे असं मला वाटत नाही.

अक्का म्हणाल्या, "मग अजून येऊ नका, ताई."

मी बरं म्हटलं. नितीनला खोली रद्द करायला सांगितली.