टोपण उचल रे

आमच्या कारखान्याच्या डॉक्टरांना रक्त दिसल्याशिवाय अपघात दिसत नसे. कुणाचं बोट तुटलं, डोकं फुटलं, की ते धावत यायचे. पण कोणी कंबर धरून, भिंतीच्या आधारानं दवाखान्यात शिरला, की चष्मा कपाळावर चढवून पहिला प्रश्न ठरलेला, "घरी काय उचललंस रे?" मुलुंडच्या त्या कारखान्यात माणसं दिवसभर बिडाचे पंप उचलून इकडचे तिकडे करत. डॉक्टरांच्या मते त्यांच्या कमरा लचकायच्या त्या मात्र घरी गेल्यावर, पाण्याची बादली उचलताना. कामगार त्यांना 'घरगुती डॉक्टर' म्हणत. मी त्यांचा कंपाउंडर. आठ वर्षं त्यांच्या सांगण्यावरून वहीत 'घरगुती लचक' असंच लिहीत आलो. तेव्हा त्यांना नावं ठेवताना त्यातली निम्मी मला लागू आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

गंमत म्हणजे माणसाच्या हाताला गुण होता. मुरगळलेला पाय मांडीवर घ्यायचे, पोराबाळांची चौकशी करायचे आणि बोलता बोलता असा झटका द्यायचे, की लंगडत आलेला चालत जायचा. पट्टी बांधावी तर त्यांनीच. पण त्याच हातात पेन आलं की माणूस बदलायचा. "सूज काय, डास चावला तरी येते," हे त्यांचं भरपाईच्या अर्जापुरतं वैद्यकशास्त्र. व्यवस्थापकांकडून त्यांना दर दिवाळीला मिठाईचा एवढा मोठा डबा का येतो, हे न कळण्याइतका मी भोळा नव्हतो.

कमरेच्या दुखण्यासाठी त्यांनी स्वतःची एक परीक्षा काढली होती. तपासणी संपत आली की पेनाचं टोपण टेबलावरून घरंगळायचं. "जरा टोपण उचल रे." साहेबांची वस्तू पायाशी पडलीय आणि आपण ताठ उभं राहायचं, हे आमच्या कोकणातल्या माणसांना सात जन्मांत जमलं नसतं. दात आवळून वाकायचे आणि वाकल्या वाकल्याच टोपण वर धरायचे. "बघ, वाकतोस की!" म्हणत डॉक्टर मान खाली घालून लिहायला लागायचे, 'रुग्ण सहज वाकतो.' वाकलेला माणूस परत उभा कसा राहतो, ते त्यांनी कधी पाहिलं नाही. ते मी पाहायचो, कारण काखेत हात घालून त्याला उठवायचं काम माझं होतं.

सावंत भांडुपच्या चाळीत राहायचा. संपात गिरणीतलं काम गेलं म्हणून चाळिशी उलटल्यावर आमच्याकडे माल उचलायला लागला. एकदा जोडीदार रजेवर होता, तर दोघांनी उचलायचा पंप मुकादमानं त्याला एकट्याला उचलायला लावला. पाठीत कट्‌कन आवाज झाला आणि सावंत तिथंच बसला. पुन्हा वजन उचलायचं नाही, असं बाहेरच्या डॉक्टरनं बजावलं. भरपाई मिळाली तर तो चाळीच्या तोंडाशी भाजीची गाडी लावणार होता. नाही मिळाली तर खोली विकून बायकोपोरांसकट गावी. तपासणीच्या आदल्या दिवशी मी त्याला सांगून ठेवलं, "टोपण पडलं तर वाकू नकोस, बाबा." "नाय वाकूचंय," म्हणाला. आणि वाकला. वर मलाच विचारतो, "वयान मोठो माणूस, तेंचा पडला तर कसा नाय उचलूचा?"

प्रकरण सुनावणीला गेलं. वही घेऊन मीही गेलो. डॉक्टर खुर्चीत रेलून सुनावणीच्या साहेबांना सांगत होते, "माझ्यासमोर वाकलाय हा. टोपण उचलून दिलंय मला. विचारा त्यालाच." आणि सावंतानं प्रामाणिकपणे मान हलवली! त्याच्या कानाखाली एक वाजवावी असं मला वाटलं. मग जबाबावर सही करायला डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं आणि टोपण खाली पडलं. मुद्दाम पाडलं की आपणहून सुटलं, देव जाणे. तोंडातून शब्द मात्र गेलेच, "उचल रे."

सावंत भिंतीला धरून वाकला. टोपण उचललं, वर धरलं. "पाहिलंत?" म्हणून डॉक्टरांनी सहीसाठी मान खाली घातली. साहेब सावंताकडे पाहत राहिले. मी जागचा हललो नाही. आठ वर्षांत पहिल्यांदाच कोणाच्या काखेत हात घालायला गेलो नाही, आणि ते सोपं नव्हतं. सावंताच्या कपाळावरून घाम ठिबकत होता.

"माका उठूक येणा नाय," तो हळूच म्हणाला.

"डॉक्टर," साहेब म्हणाले, "वाकताना पाहिलं. आता याला उभा करा."

डॉक्टर उठले. त्यांनी स्वतः त्याच्या काखेत हात घातला. मला पाच मिनिटं लागायची, त्यांना दोन लागली. हाताला गुण होताच. उभा राहिल्यावर सावंत त्यांना म्हणाला, "उपकार झाले, डॉक्टर." डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

सावंताला भरपाई मिळाली. त्याच्या गाडीवरची भाजी मी पुढे बरीच वर्षं खाल्ली. डॉक्टर वर्षभरात निवृत्त झाले. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सांभाळून राहा रे," आणि ते पेन मला देऊन गेले. माणूस वाईट नव्हता, असं त्या दिवशी मला क्षणभर वाटलंही.

पेन अजून माझ्याकडे आहे. टोपण इतकं घट्ट बसतं, की काढल्यावर बोटं दुखतात. आपणहून ते एकदाही सुटलेलं नाही.